कुठे कुठे थांबायचं?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये सहामाहीच्या पेपरांपेक्षा सहलींचे बेत जास्त तपासले जातात. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याने मोबाइलवर आलेला एक तयार बेत मला पुढे पाठवला. "मॅडम, तुम्ही कोकणात जाणार ना? हे घ्या, काही शोधायची गरजच नाही." तीन दिवस, बावीस ठिकाणं, दिवेआगरपासून थेट मालवणपर्यंत. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिलेली. इथे वीस मिनिटं, तिथे अर्धा तास, अमुक वळणावर फक्त फोटो.

मी तो कागदावर उतरवला आणि सवयीने लाल पेन हातात घेतलं.

बेत करणाऱ्याने नकाशावर दोन ठिकाणांमधलं अंतर मोजलं होतं, खाड्या मोजल्या नव्हत्या. कोकणचा किनारा सरळ रेघ नाही. राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, आंजर्ल्याची, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, अशी जागोजागी ती रेघ तुटते. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, गुहागर तिथून जवळ. पण गाडीने रस्त्यानेच जायचं म्हटलं तर आत खेड-चिपळूणचा वळसा घ्यावा लागतो आणि अर्धा दिवस जातो. नाहीतर गाडीसकट जंगलजेटीत चढायचं आणि थोड्या वेळात पलीकडे उतरायचं. म्हणून या रस्त्यावर बेत करताना किलोमीटर मोजू नयेत, जेटीच्या फेऱ्या मोजाव्यात. शेवटची फेरी किती वाजता, सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग किती लांब लागते, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावं. आणि जिथे रस्ता आहे तिथेही ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच धरावेत. चढ, उतार, वळण, मध्येच एखादं गाव, त्या गावात समोरून येणारी एसटी. एसटी आली की आपणच मागे जायचं, तिथे वाद नाही.

या किनाऱ्याने सलग रस्ता असावा, ही कल्पना आपल्यातल्याच एका माणसाने राज्याच्या कागदावर आणली, हे आज किती जणांना ठाऊक आहे कुणास ठाऊक. बॅरिस्टर अ. र. अंतुले, रायगड जिल्ह्यातल्या आंबेत गावचे, १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग त्यांच्या काळातला. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नावही त्यांच्याच कारकिर्दीत मिळालं. चाळीस वर्षं उलटून गेली तरी मोठ्या खाड्यांवर गाड्या जंगलजेटीनेच पलीकडे जाताहेत. मला पर्यटक म्हणून जेटी आवडते, लपवत नाही. पण दाभोळच्या माझ्या मैत्रिणीने एकदा विचारलं, "रात्री बाईला कळा सुरू झाल्या की तुझी जेटी कुठे असते?" त्यानंतर 'पूल नकोत, किनारा असाच राहू दे' असं शहरात बसून लिहिणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही.

दुसरी चूक भरती-ओहोटीची. तयार बेतात हरिहरेश्वर दुपारी दीड वाजता टाकलं होतं, तेही भाऊबीजेच्या दिवशी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या कपारीतून उतरून खडकांवरून समुद्राच्या कडेने जाते. ती ओहोटीतच करायची असते. भरतीत त्या खडकांवर लाटा आपटतात आणि माणसं वाहून गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. भरती कधी, हे कळायला मोबाइल लागत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास. भाऊबीज म्हणजे द्वितीया, पाऊणपट दीड. म्हणजे तो बेत माणसांना नेमक्या भरतीच्या वेळेला खडकांवर पाठवत होता! भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं.

आपल्या घरात तर हा हिशेब आणखी सोपा. चांद रात, चांदाची तारीख, हे आपल्या बोलण्यात असतंच. चांदाची तारीख आणि तिथी यांत एखाद-दोन दिवसांचा फरक पडतो, तेवढा धरला की झालं. मी हे आठवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, ईदच्या संध्याकाळी समुद्र लांब गेलेला असणार." बरोबर होतं त्याचं. मुलांना घेऊन संध्याकाळी रुंद, ओल्या वाळूवर चालायचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरावेत. मात्र ओहोटी लागली असताना पोहायला उतरू नये, पाणी आत ओढतं. याबाबतीत गावातल्या माणसाने 'नका जाऊ' म्हटलं की विषय संपला.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

मुक्कामासाठी एका गावात फोन केला. घरगुती राहण्याची सोय, नारळी-पोफळीची वाडी, चुलीवरचं जेवण, फोटो फार सुंदर. बाई गोड बोलत होत्या. दोन खोल्या आहेत, आंघोळीला गरम पाणी मिळेल, मोदक आधी सांगितले तर करू. शेवटी म्हणाल्या, "बुकिंग कोणाच्या नावे लिहू?" मी नाव सांगितलं. पलीकडे थोडी शांतता. मग, "थांबा हं, यांना विचारते." परत आल्या तेव्हा खोल्या भरलेल्या होत्या.

नवरा म्हणाला, "दिवाळी आहे. भरतात खोल्या. उगीच मनात काही आणू नकोस." खरंही असेल. दिवाळीत अर्धं पुणं कोकणात असतं. मी ते मनातून काढूनही टाकलं असतं, पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय निघाला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडून नंबर घेतला, माझ्यासमोर फोन लावला, आपलं आडनाव सांगितलं, त्याच तारखा सांगितल्या. दोन्ही खोल्या मोकळ्या होत्या. बाईंचा चेहरा पडला. फोन ठेवून म्हणाल्या, "माझ्या नावावर करून टाकू का? तिथे गेल्यावर काय करणार आहेत ते?" त्यांचं मन मोठं आहे. पण चार दिवस सुट्टीवर जायचं आणि दारात उभं राहून आपण कोण हे कळायची वाट बघायची, ही कसली सुट्टी? मी नको म्हटलं.

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. एका घराने खोली नाकारली म्हणून सगळं गाव त्यात ओढू नये. शिवाय 'अमुक गावात जाऊ नका' अशी यादी आपल्यात आधीच फिरते आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या ग्रुपवर ती माझ्याकडेही आली. कुठे आपल्या लोकांचं हॉटेल, कुठे हलाल मिळतं, कुठे मशीद जवळ, आणि खाली ठळक अक्षरांत, मधल्या ठिकाणी गाडी थांबवू नका. ती यादी करणाऱ्या बाईचा राग मला कळतो, मीही तोच फोन ठेवला होता. उपयोगही कळतो, अम्मांना सोबत घेऊन जाताना हलाल कुठे मिळेल हे विचारावंच लागतं. पण दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा मला हसू आलं. सहकाऱ्याच्या बावीस ठिकाणांत दहा मंदिरं, सात किनारे, पाच किल्ले. दाभोळची मशीद नाही, खोकरीचे घुमट नाहीत, केळशीचा दर्गा नाही. दाभोळचं नाव होतं, पुढे कंसात 'फेरी बोट'. आपल्या यादीत दाभोळची मशीद होती, केळशीचा दर्गा होता, पण त्याच केळशीतलं महालक्ष्मीचं देऊळ नाही, हरिहरेश्वर नाही, दिवेआगर तर नावालाही नाही. एकाच रस्त्यावरून दोन गाड्या जाणार आणि दोघींनी दोन वेगळे किनारे पाहून यायचं!

मी दोन्ही याद्या बाजूला ठेवल्या आणि स्वतःची केली. पाच मुक्काम, तीन गावं. गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, सगळं खोडलं. नवऱ्याला वाटलं पैसे वाया जाणार, इतक्या लांब जायचं आणि इतकं थोडं बघायचं. मी म्हटलं, प्रवासात नमाजसुद्धा चारच्या दोन रकाती होते, आपण बावीसच्या सात केल्या तर काय बिघडलं?

आणि फोनचा एक नियम केला. पहिल्या वाक्यात नाव सांगायचं, पूर्ण नाव. मग खोली आहे का विचारायचं. नाही म्हणणाऱ्याला सुरुवातीलाच नाही म्हणता येतं, आपला गरम पाण्यापर्यंतचा वेळ वाचतो. सात फोन केले. दोन ठिकाणी नाही, खरी नाही की कोणती ते अल्लाला ठाऊक. एकांनी विचारलं, "मटण-चिकन करत नाही आम्ही, शाकाहारी चालेल ना?" चालेल म्हटलं. बाकीच्यांनी फक्त माणसं किती ते विचारलं.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा आणि दिवेआगर. दिवेआगरला लोक सुवर्णगणेशासाठी जातात. १९९७ साली वाडीत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ साली चोरी झाली, ती हकीकत सगळ्यांना माहीत असते. मी तिथे दुसऱ्याच कारणाने गेले होते. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा मराठीतला ताम्रपट या गावात सापडला आहे. मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. उर्दू शाळेत मराठी शिकवताना दर वर्षी कोणीतरी मला विचारतं, पालक विचारतात, कधी तपासायला आलेले साहेबही विचारतात, "तुमच्या मुलांना मराठी जड जात असेल ना?" हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावच्या वाळूवर माझा पाचवीतला मुलगा काठीने आपलं नाव मराठीत आणि उर्दूत लिहीत होता. उर्दूतलं उजवीकडून सुरू झालं, मराठीतलं डावीकडून, मध्ये येऊन दोन्ही एकमेकांवर चढली, मग त्याने पायाने सगळं पुसलं.

दुसऱ्या दिवशी दिघीहून जंजिरा. शिडाच्या होडीत तीस-चाळीस माणसं. सोबतचा सांगणारा तरुण हुशार होता, कलालबांगडी तोफ, भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव, दरवाजा जवळ गेल्याशिवाय कसा दिसत नाही, सगळं रंगवून सांगत होता. मग सिद्दी कसा आणि आपण कसे, असं सुरू झालं. लोक टाळ्या वाजवत होते. माझी आठवीतली मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "मम्मी, आपण कोणाच्या बाजूचे?"

मी बीएडला मानसशास्त्र शिकले, वर्गनियंत्रण शिकले, पण होडीत द्यायचं उत्तर कोणी शिकवलं नव्हतं. मी तिला समुद्रातला दुसरा किल्ला दाखवला, पद्मदुर्ग. तो शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला बांधला. महाराजांच्या आरमाराच्या सरदारांत दौलतखान होता. आणि सिद्दीच्या पदरी प्रभू कारभारी होते. पुढे पेशवे झालेल्या भटांच्या घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती, तीही सिद्दीच्याच मुलखात. ती ऐकत होती, पण पटलेलं दिसत नव्हतं. म्हणाली, "मग हे दादा असं का नाही सांगत?" मी म्हटलं, तू विचार. तिने विचारलं नाही. चाळीस माणसांत मीही विचारलं नसतं.

जेटीने आगरदांड्याला उतरून मुरूडच्या वाटेवर खोकरीला थांबलो. सिद्दी सरदारांचे तीन दगडी घुमट, कोरीव जाळ्या, भोवती शांतता. जंजिऱ्याला रांग होती, इथे आम्ही आणि दोन बकऱ्या. तयार बेतवाल्याला मी इथे तरी दोष देत नाही, ठिकाण माहीत नसेल तर तो काय लिहिणार? पण त्याच रस्त्याने किती मुसलमान कुटुंबं जंजिरा पाहून निघून जातात, तीही थांबत नाहीत.

चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. त्या हिशेबाने पहाटे निघून दिवेआगर-शेखाडी-श्रीवर्धन या रस्त्याने हरिहरेश्वर गाठलं. हा शेखाडीचा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की डाव्या खिडकीत बसलेल्याने भांडावंच. (भांडण झालं. समुद्र उजवीकडे होता.) हरिहरेश्वरला अम्मा म्हणाल्या, "तुम्ही जा बेटा, मी गाडीतच बसते." गुडघे दुखतात हे खरं होतं आणि देवळाशी उतरायला मन घेत नव्हतं हेही खरं. मी आग्रह केला नाही. मुलांना घेऊन पायऱ्या उतरले, खडकांना लाटांनी पाडलेली मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाहिली. परत आले तर अम्मा गाडीत नाहीत! शहाळीवाल्या बाईच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि ती बाई स्वतः खोक्यावर. विषय गुडघे. कुठलं तेल, कुठला डॉक्टर, सुनेला सांगून उपयोग नाही वगैरे. मी आल्यावर विषय बदलला.

बागमांडल्याहून जेटीने वेसवी, मग केळशी. याकूबबाबांच्या दर्ग्यात फातेहा पढला. शिवाजी महाराज या बाबांना फार मानत, असं गावात सगळेच सांगतात, हिंदूही आणि मुसलमानही, आणि दोघंही आपल्याच घरची गोष्ट असल्यासारखं सांगतात. महालक्ष्मीच्या देवळाला घुमट आहेत. मुलगा लांबून म्हणाला, "ही पण मशीद?" पुजाऱ्यांनी ऐकलं आणि हसले, म्हणाले, "रोज एक तरी विचारतो."

वाटेतल्या नमाजबद्दलही लिहायला हवं, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांच्या दारांबद्दल लिहिलं असं होईल. नवरा आणि मुलगा कुठल्याही मशिदीत गेले की झालं. एका गावात अम्मा आणि मी मशिदीच्या पायऱ्यांशी उभ्या होतो, भर उन्हात, हातात चटई. आतून एकजण म्हणाले, बायकांची सोय नाही, जवळपास कोणाच्या घरी जाता का? त्यांनी अदबीनेच सांगितलं. खोलीवाल्या बाईही गोडच बोलल्या होत्या. 'मशीद जवळ' असं यादीत लिहिणाऱ्यांनी पुढे कोणासाठी तेही लिहावं. आम्ही पुढे जाऊन समुद्राकाठच्या सुरूच्या सावलीत चटई टाकली. आपला किबला पश्चिमेला, म्हणजे कोकणात समुद्राकडेच. जागेचा प्रश्न सुटला, पायऱ्यांचा तसाच आहे.

दाभोळला मी पूर्ण दिवस ठेवला होता, त्यावरून घरात सगळ्यात जास्त हसले होते. "जेटी पकडायला एक दिवस?" पण हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात अरबस्तानापर्यंत ओळखलं जात होतं. रशियाचा प्रवासी निकितीन इथूनच परतीच्या जहाजात बसला. १५०८ साली पोर्तुगीज अल्मेदाने हे शहर जाळलं. धक्क्याजवळची आदिलशाही मशीद विजापूरच्या शहजादीने बांधली असं सांगतात. हजला निघालेली ती इथे अडकली आणि सोबतचं धन तिने मशिदीत घातलं. मैत्रिणीच्या आईकडे नारळाच्या रसातलं सांदण खाल्लं. धक्क्यावर खलाशी, नाखवा, बंदर, लंगर हे शब्द कानावर पडत होते. मुलीला मी यातले कुठले फारसी, कुठले अरबी ते सांगायला लागले तर ती म्हणाली, "मम्मी, सुट्टी आहे."

धोपावेमार्गे गुहागरला पोचलो तेव्हा मगरिबची वेळ झालेली. ज्यांच्याकडे शाकाहारी चालेल ना असं विचारलं होतं, ते हे घर. अम्मांनी नमाजला जागा विचारली. काकूंनी पडवी झाडून घेतली आणि म्हणाल्या, "पश्चिमेला तोंड करता ना तुम्ही? मग ही कुंडी मध्ये येते. हलवू का?" तुळशीची कुंडी होती. अम्मा म्हणाल्या, "राहू द्या, झाडाची काय अडचण." काकूंनी तरी ती वीतभर सरकवली.

तिथून कुंभार्ली घाटाने कराड आणि पुणे. निघताना मी काकूंना विचारलं, पुढच्या खेपेला तवसाळहून जेटीने जयगडला उतरणार आहे, तिकडे कोणी ओळखीचं? त्यांनी चुलत नणंदेचा नंबर लिहून दिला. म्हणाल्या, "माझं नाव सांगा फोनवर."

मी म्हटलं, "तुमचंही सांगते."

फेब्रुवारीतली पौर्णिमा शनिवार-रविवारला धरून येते का, ते आता मुलगी कॅलेंडरवर बघते आहे.